डावखुऱ्यासाठी ठेवलेली खोली

कुंदाताई,

आमच्या घरात सकाळी डोळे उघडायच्या आधी हळदीचा वास यायचा. फोडणीतल्या नव्हे, पोत्यांतल्या हळदीचा. बाबा सांगलीच्या पेठेत हमाल होते. त्यांच्या मानेच्या वळ्यांत, नखांत, उशीच्या अभ्र्यात हळद असायची. आई अडत्यांच्या दुकानांपुढं सांडलेली हळद झाडून आणायची, चाळायची, खडे निवडायची आणि विकायची. अंगाला हळद लागणं शुभ म्हणतात. आम्हाला ती रोज लागायची, शुभ काही घडायचं नाही.

मी आठवीत असताना थप्पी लावताना बाबांचा उजवा खांदा गेला. बरेच महिने ते घरी भिंतीला टेकून बसून होते. मग एक दिवस अडत्या स्वतः दारात आला. "ये की परत. हलकी पोती तुझ्याकडं देतो. अनुभवी माणूस आहेस तू," म्हणाला. मजुरी अर्धी. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी दाढी केली. हंगाम भरात आला तेव्हा हलक्या पोत्यांचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. 'थांब' म्हणायला कुणी नव्हतं. आईही म्हणाली नाही, कारण माझी फी भरायची होती. तो हात नंतर कधी डोक्याच्या वर गेला नाही. माझ्या पदवीच्या फोटोच्या दिवशी बाबांचे केस मी विंचरले. आमच्या घरातली पहिली पदवी, संख्याशास्त्र, पहिला वर्ग. हे मी कुणालाही सांगते.

खांद्याचं मात्र तुला कधी सांगितलं नाही. भांडताना तू विचारलं होतंस, इतका विरोध का, आणि मी तुला आकडे दाखवले होते.

तू मला पहिल्यांदा भेटलीस ती वड्याच्या वासातून. नवऱ्याच्या, नितीनच्या नोकरीमागे मी हॉलंडमध्ये हार्लेमला येऊन थोडेच दिवस झाले होते. सायकल शिकत होते. मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर वास आला आणि मी ब्रेक लावायच्या ऐवजी पाय टेकवून पडले. क्लबच्या कॅन्टीनच्या खिडकीतून तू ओरडलीस, "लागलं का गं?" मी तुला मराठी वाटले कशी, ते विचारल्यावर म्हणालीस, "पडताना 'आई गं' म्हणालीस की."

खिडकीच्या पलीकडे क्रोकेट, म्हणजे इथले मांसाचे लांबट वडे, तळले जात होते, आणि त्याच कढईत, पाटी न लावता, बटाटेवडे. तुझा रोहन लहानपणी या क्लबात खेळायचा. तो मोठा झाला, आल्मेरेला राहायला गेला, खेळ सोडून पंचवीस किलो वाढला. तू मात्र कॅन्टीन सोडलं नाहीस. बेसबॉल अमेरिकेत खेळतात एवढंच मला माहीत होतं. इथे त्याला होंकबल म्हणतात आणि या गावाला त्याचं वेड आहे, हे तू मला शिकवलंस. पुण्यात तुझ्या माहेरी तीन पिढ्या प्राध्यापक. मी तुला चिडवायचे, "तुमच्या घरात भिंती कमी आणि पुस्तकांची कपाटं जास्त, म्हणून तुम्हाला खेळ बघायला वेळ." तू म्हणायचीस, "आणि तुझ्या घरात एकच पदवी, पण आवाज केवढा!"

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं.

तुझ्या झाऱ्याची गोष्ट तर क्लबात सगळ्यांना ठाऊक. आपला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, थकला की तू खिडकीच्या लोखंडी चौकटीवर झारा दोनदा आपटायचीस. ठण, ठण. त्याला आता बदला, असा त्याचा अर्थ. प्रशिक्षक हसायचा, बदलायचा नाही, आणि पुढच्याच चेंडूवर कुणीतरी तो कुंपणापार मारायचं. खरं सांगायचं तर तू चुकायचीसही भरपूर. मी नोंद ठेवली असती तर तुझी अब्रू गेली असती. पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची आणि आता जास्त खटकते. कॅन्टीनच्या त्या खिडकीतून पिचर उभा राहतो तो उंचवटा दिसत नाही. मध्ये साहित्याची खोली येते. मी तुझ्या जागी उभी राहून पाहिलंय. तुला काय दिसायचं, ताई?

"वाफ दिसते," म्हणायचीस तू. आणि वडा उलटायचीस.

आपलं खरं भांडण हिवाळ्यातलं. हंगाम संपला की क्लबच्या तिजोरीत खडखडाट. मग सगळे समर्थक कॅन्टीनमध्ये जमून वाद घालायचे, यंदा कुणाला आणायचं. तरुण खेळाडू महाग. मग यादीत कोण उरायचे? पस्तिशी, चाळिशी गाठलेले, जर्मनीत, इटलीत खेळून सुटलेले, कुठल्या तरी क्लबनं नको म्हटलेले. त्यांना पगार नावाला. एखाद्या समर्थकाच्या घरी खोली, एक जुनी सायकल आणि दिवसातून एक गरम जेवण, एवढ्यावर ते यायचे. आणि जी खोली देईल तिचं मत जड, हा अलिखित नियम.

तुझा पोटमाळा रिकामा होता. त्यामुळे तुझं मत फारच जड.

यंदा तू रुडीवर अडून बसलीस. कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटाचा डावखुरा पिचर, एकोणचाळीस वर्षांचा, खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेला.

"ताई, एकोणचाळीस!"

"मी बासष्टची आहे. मला काढून टाकशील?"

"तुम्हाला चेंडू टाकायचे नाहीत."

"वडे टाकते की कढईत. आणि तेल कुठं चेंडूपेक्षा थंड असतं?"

"विषय बदलू नका. त्याचे मागच्या तीन हंगामांचे आकडे बघा."

"आकडे बघितले. आता माणूस बघू. फोनवर बोलले मी त्याच्याशी. त्याला अजून एकदा टाकायचंय गं. त्यात वाईट काय?"

"तो स्वस्तात मिळतोय म्हणून घेताय तुम्ही. स्वस्तात घेतलेला माणूस स्वस्तातच मोडतात. तू कधी बघितलंयस का मोडलेला माणूस? तुला काय कळणार आहे!"

सगळं कॅन्टीन आमच्याकडे वळलं. मराठी कुणालाच कळत नव्हतं, पण आवाज कळला. त्या वाक्यात मी तुला पहिल्यांदा 'तू' म्हणाले. तू झारा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "चला, बाईनं अहो-जाहो सोडलं एकदाचं." त्यानंतर मी 'तुम्ही'वर परत गेले नाही. तो वादही मिटला नाही. रोज मेसेजवर चालूच होता. मी एखादा तक्ता पाठवायचे, तू हसणारा चेहरा.

त्या संध्याकाळी, म्हणजे इथल्या हिवाळ्यात पाचलाच पडणाऱ्या काळोखात, मी स्वयंपाक करत होते. फोन ओट्यावर होता. तुझा मेसेज आला:

"बरं मग तूच सांग, तुझ्या मते माणूस कधी"

एवढंच. मग पडद्यावर 'टाइपिंग' दिसायला लागलं. बराच वेळ दिसत राहिलं. मग थांबलं. मला वाटलं, दारावर कुणी आलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तुझ्या वसंतरावांचा फोन येऊन गेल्यावर, तू गेलीस हे मला कळून चुकल्यावर, मी ते वाक्य उघडून बसले होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या नावाखाली पुन्हा 'टाइपिंग' आलं.

ताई, मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मी फोन पालथा घातला आणि त्यावर कणकेची परात ठेवली.

नंतर कळलं की तुझा फोन वसंतरावांच्या हातात होता. स्मशानभूमीत, इथल्या रिवाजाप्रमाणे हातात कॉफी आणि केकचा तुकडा घेऊन आम्ही उभे होतो, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "तिचं वाक्य पुरं करावं म्हणून बसलो होतो," ते म्हणाले. "एकोणचाळीस वर्षांचा संसार. तिच्या तोंडातलं पुढचं वाक्य मला नेहमी आधी यायचं. हे नाही आलं." तुमचा संसार आणि रुडीचं वय सारखंच निघालं, हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

वसंतराव रोहनकडे आल्मेरेला गेले. रोहन माझ्याशी डचमध्ये बोलत होता आणि मध्येच "आईचे डबे तुम्ही घ्या" एवढंच मराठीत म्हणाला. घर बंद झालं. पण तू रुडीसाठी पोटमाळ्यात पलंग घालून ठेवला होतास, धुतलेला टॉवेल ठेवला होतास, आणि खिडकीशी टायमरवरचा एक दिवा. तो कुणी बंद केला नाही. रोज अंधार पडला की बंद घराच्या माथ्यावर एक पिवळी खिडकी पेटायची. मी कामावरून त्याच रस्त्यानं यायचे. नंतर दुसऱ्या रस्त्यानं यायला लागले.

मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. डच, पण बेटावरच्या हेलाची. "मी रुडी. कुंदानं तिचा नंबर लागला नाही तर हा लावायला सांगितलं होतं. मी तिच्या दाराशी उभा आहे. वर दिवा आहे, कुणी दार उघडत नाही."

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. क्लबात प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्यानं कळवलं असेल.

मी सायकलवर गेले. उंच, वाकलेला माणूस, खांद्यावर लांबट बॅग. मी सांगितलं. त्यानं वरच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "पण मी बेल वाजवल्यावर आत कुणीतरी जिना उतरलं. मी ऐकलं."

जुन्या घरांचे लाकडी जिने थंडीत वाजतात, असं मी त्याला सांगितलं. मग रस्ताभर स्वतःलाही तेच सांगत राहिले.

परतीचं तिकीट त्याच्याकडे नव्हतं. मी त्याला आमच्या पोटमाळ्यावर आणलं, आठवड्यापुरतं. नितीन म्हणाला, "ज्याला आणू नका म्हणून हिवाळाभर भांडलीस, त्याला घरात?" मी म्हटलं, "क्लबात नको म्हटलं होतं. रस्त्यावर राहा म्हटलं नव्हतं." रुडीनं माझी आमटी दोन वाट्या प्यायली, आणि "कुंदा म्हणाली होती तू चांगला स्वयंपाक करतेस पण फार भांडतेस" असं नम्रपणे सांगितलं.

तू त्याला माझ्याबद्दल अजून काय काय सांगितलं होतंस?

रुडी तुझ्या शब्दावर आला होता, क्लबचा निर्णय अजून व्हायचा होता. खोली देणारी तूच उरली नव्हतीस, म्हणजे रुडीच्या बाजूचं जड मत गेलं होतं. आता ते माझ्याकडे आलं होतं. मी खोली कायमची दिली तर तो राहणार, नाही म्हटलं तर जाणार. एवढं सरळ. आणि मी रात्रंदिवस बाबांचा चेहरा बघत होते, अडत्या दारात आला त्या दिवशीचा, दाढी केलेला.

वसंतरावांनी फोनवर तुझा झारा मागितला. त्यांना बाकी काही नको होतं. मी शनिवारी दुपारी कॅन्टीनची किल्ली घेऊन गेले. असं धुकं होतं की सायकलचं पुढचं चाक जेमतेम दिसत होतं. कॅन्टीनचं शटर उघडलं, झारा खिळ्यावरून काढला, फडक्यात गुंडाळून सायकलच्या पिशवीत ठेवला, शटर लावलं. आणि मैदानावरून आवाज यायला लागला. थप्. थप्. कुंपणाच्या गादीवर चेंडू आदळल्याचा.

जवळ गेल्यावर रुडी दिसला. एकटाच. बादलीत चेंडू, तोंडातून वाफ. मला त्यानं पाहिलं नाही. प्रत्येक चेंडू आधीच्यापेक्षा जोरात टाकत होता. निर्णय व्हायच्या आधी त्याला स्वतःलाच काहीतरी दाखवून द्यायचं होतं, असं वाटलं. दर चेंडूनंतर तो उजव्या हातानं डावा खांदा धरायचा, मान किंचित कलती करून. ताई, बाबा डाव्या हातानं उजवा खांदा धरायचे. मान तशीच. धुक्यात मला आरशात बघितल्यासारखं झालं. हळदीचा वास आला. आला, मी सांगते ना. हार्लेमच्या मैदानावर, फेब्रुवारीत.

'थांब' म्हणायला तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही. आमच्या घरात तो शब्द म्हणायची कुणाला सवयच नव्हती.

तेवढ्यात कॅन्टीनच्या बाजूनं आलं. ठण. ठण.

रुडीचा हात वर होता, तो तसाच राहिला. मग सावकाश खाली आला. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "कुंदा?" त्यानं विचारलं, साध्या आवाजात, घरातल्या कुणाला हाक मारावी तसं.

झारा माझ्या पिशवीत होता. फडक्यात गुंडाळलेला. मी हात लावून पाहिला.

"झेंड्याच्या खांबावरची दोरी असेल," मी म्हटलं.

"वारा नाहीये," तो म्हणाला.

नव्हताच. धुकं जागच्या जागी उभं होतं. "ती मला फोनवर म्हणाली होती," रुडी म्हणाला, "की तू थकलास ते तुला शेवटी कळेल, मला आधी कळेल, मी दोनदा वाजवेन, मग हुज्जत घालायची नाही." त्यानं चेंडू गोळा केले. आम्ही सायकलींवर बसलो. कॅन्टीनकडे दोघांनीही वळून पाहिलं नाही.

आणि ताई, तेव्हा मला कळलं की आपण दोघी एकाच माणसाबद्दल भांडत नव्हतोच. तू म्हणत होतीस, त्याला टाकू दे. मी म्हणत होते, त्याला मोडू देऊ नका. तू थांबवणार होतीस, हे मला माहीत नव्हतं. मी का घाबरतेय, हे तुला माहीत नव्हतं. दोन सुशिक्षित बायका, आणि हिवाळाभर एकमेकींना अर्धंच सांगत होतो.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. माझी डच तुला माहीत आहे, क्रियापद शेवटी येईपर्यंत माझा दम संपतो. तरी बाबांची सगळी गोष्ट सांगितली. हळद म्हणजे काय इथपासून. मग म्हटलं, खोली देते, पूर्ण हंगाम देते, पण स्वस्तात नाही. इतर खेळाडूंना जो पगार तोच त्याला. खांद्यासाठी फिजिओथेरपिस्ट क्लबचा. थांब म्हटलं की तो थांबणार, आणि ज्या दिवशी टाकता येणार नाही त्या दिवसापासून मुलांना शिकवण्याचं काम त्याचं. हे सगळं करारात.

"अगं, पण स्वस्त आहे म्हणून तर त्याला घेत होतो!" एक म्हातारे सभासद कळवळून म्हणाले.

"हो. म्हणूनच सांगतेय," मी म्हटलं.

कुजबुज झाली. मग अध्यक्ष म्हणाले, "कुंदा असती तर तिला हे आवडलं असतं."

"नाही," मी म्हटलं. "भांडली असती. माझ्या अटींत फिजिओ आहे आणि वडा नाही म्हणून." सगळे हसले. मला रडू आलं. हात वर झाले तेव्हा मी मोजले नाहीत. पुरेसे होते.

झारा वसंतरावांना नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो हातात फिरवला आणि परत माझ्या पिशवीत घातला. "माझ्याकडे नुसता टांगून राहील," म्हणाले. तुझा टायमरवाला दिवाही त्यांनी दिला. तो आता माझ्या पोटमाळ्यावर रुडीच्या खिडकीत आहे. मी वेळ पुन्हा लावली नाही. दिवस मोठे झालेत, उन्हं असतानाच तो पेटतो. तुझ्या वेळेला.

तुझं वाक्य मी अजून उघडून बघते. माणूस कधी. माणूस कधी म्हातारा होतो? कधी संपतो? कधी थांबावा? तू नेमकं काय विचारणार होतीस, ते मला कळणार नाही, आणि दुसरं कुणी ते पुरं करू नये असं मला वाटतं. पण मी उत्तर पाठवलंय, त्याच खिडकीत, तुझ्या शब्दांखाली. "त्याला कुणीतरी 'बस' म्हणेपर्यंत." एकच टिक आहे. वसंतरावांनी फोन बंद करून ठेवलाय. दुसरी टिक आली तर काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.

गेल्या रविवारी हंगामाचा पहिला सामना झाला. वडे मी तळले, तुझ्याइतके जमले नाहीत, तेल जास्त तापलं. रुडीनं नऊपैकी चार इनिंग टाकल्या. पाचवी सुरू व्हायच्या आधी, खिडकीतून काही दिसत नसताना, मला एकदम वाटलं की आता. मी चौकटीवर झारा दोनदा आपटला. रुडीनं हुज्जत न घालता चेंडू प्रशिक्षकाच्या हातात दिला. मैदानावर आवाज चार वेळा आला, असं तो म्हणतो. मी दोनच वेळा आपटला होता.

आपण जिंकलो, ताई. रुडी यंदा पूर्ण पगारावर आहे, त्याचा खांदा शाबूत आहे, आणि मुलांच्या संघाचं काम करारात त्याच्या नावावर लिहून त्यावर सही झाली आहे.